रस्त्यावरील छायाचित्रणाची एक दिवसाची शाळा



परिसर अभ्यासाच्या तासास "नीट निरीक्षण करा" अशी सूचना आपण मुलांना वारंवार देतो. परंतु निरीक्षण कसे करावे हे शिकविण्याची वेळ आली, की बहुधा पुस्तकातील चित्राकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. निदान मी तरी शिक्षक असताना असेच करीत आलो. गेल्या हिवाळ्यात मुंबईस रस्त्यावरील छायाचित्रणाची एक दिवसाची कार्यशाळा भरणार असल्याचे कळले, तेव्हा या उणिवेवर काही इलाज सापडतो का ते पाहावे, या हेतूने मी स्वखर्चाने नाव नोंदविले. माझ्यापाशी कॅमेरा नव्हता. भ्रमणध्वनी चालेल, असे उत्तर आले. आम्ही एकंदर अकराजण जमलो होतो. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक रोखपाल होते, महाविद्यालयातील दोन विद्यार्थिनी होत्या, आणि शाळाखात्यातील मी एकटाच होतो.

पहाटे साडेपाच वाजता दादर स्थानकाच्या पश्चिमेस असलेल्या फुलबाजारात आम्ही हजर झालो. सूर्योदयास बराच अवकाश होता. वसईकडील सोनचाफा, घाटावरून आलेला झेंडू आणि शेवंती यांच्या राशी दिव्यांच्या उजेडात लागल्या होत्या. आमच्या मार्गदर्शकांनी पहिली आज्ञा केली ती अशी, की वीस मिनिटे कोणीही कॅमेरा बाहेर काढावयाचा नाही. एका जागी उभे राहावे आणि जे दिसते ते वहीत लिहावे.

मी तीन शब्द लिहिले: गर्दी, फुले, आवाज. मार्गदर्शकांनी वही पाहिली आणि शांतपणे विचारले, "गर्दी म्हणजे किती माणसे? त्यांतील बसलेली किती? उजेड त्यांच्या तोंडावर आहे की पाठीवर?" मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. शेजारच्या विद्यार्थिनीने मात्र लिहिले होते, की वजनकाट्याच्या पारड्याखाली ओले गोणपाट आहे, आणि तोलणारा मनुष्य दर खेपेस दोन फुले काढून घेतो व पुन्हा एक टाकतो. आपल्या चौथीतील मुलांच्या निबंधात "आठवडी बाजारात खूप गर्दी असते" हे वाक्य मी शेकडो वेळा वाचले आहे आणि त्याखाली बरोबरची खूणही केली आहे. ते वाक्य मुलांनी कोठून उचलले असावे, हे मला त्या सकाळी उमगले.

त्यानंतर थोडे तंत्र सांगण्यात आले. त्यातील एकच भाग येथे देतो, कारण तो सातवीच्या गणितासही उपयोगी पडेल. कॅमेऱ्याचे शटर ठराविक काळ उघडते, आणि तेवढ्या काळात वस्तू जितकी सरकेल तितकी ती चित्रात पुसट होते. तासाला ५ किलोमीटर वेगाने चालणारा मनुष्य एका सेकंदात सुमारे १.३९ मीटर जातो. शटर सेकंदाचा साठावा भाग उघडे राहिले तर तेवढ्यात तो सुमारे २.३ सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. तेच पाचशेवा भाग उघडे राहिले तर जेमतेम ३ मिलिमीटर. म्हणून धावणारा हमाल स्पष्ट हवा असेल तर शटर लवकर मिटले पाहिजे. परंतु लवकर मिटले की आत उजेड कमी जातो, आणि पहाटे उजेडाचीच टंचाई. तेव्हा काय मिळवावयाचे व काय सोडावयाचे, हा निर्णय दर चित्रागणिक करावा लागतो. भ्रमणध्वनी तो निर्णय आपला आपणच करतो, त्यामुळे तो करावा लागतो हेच आपल्या ध्यानात येत नाही.

आता जे घडले ते सांगतो. पदपथाच्या कडेस एक बाई गजरे ओवीत बसली होती. तिच्या मांडीला टेकून नऊ-दहा वर्षांची एक मुलगी दोऱ्याचे तुकडे मोजून ठेवीत होती. वरच्या दिव्याचा उजेड नेमका तिच्या हातांवर पडला होता. मी दोन पावले पुढे झालो, वाकलो आणि चित्र घेतले. मुलीने झटकन् हात तोंडासमोर धरला. बाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "साहेब, इचारलं असतं तर नको म्हणाले नसते. पर असं चोरून कशापायी?" मी काहीतरी पुटपुटलो आणि पुढे निघालो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी चोर म्हटले नव्हते. मनात आले ते हे, की मी तर शिक्षक आहे, माझा हेतू वाईट कसा असेल? परंतु तिला ते कसे कळावे?

आठच्या सुमारास लोकल गाडीने आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आलो व तेथून महात्मा जोतिबा फुले मंडईपर्यंत पायी गेलो. जुने लोक तिला अजून क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. १८६९ साली पूर्ण झालेल्या या इमारतीच्या दर्शनी भागावर जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या आराखड्यावरून कोरलेली शिल्पे आहेत व त्यांत आपल्याकडील शेतकरी दाखविले आहेत. खाली रिकाम्या पाट्या घेऊन गिऱ्हाइकाची वाट पाहणारे पाटीवाले उभे असतात. वरचे दगडी शेतकरी आणि खालचा जिवंत पाटीवाला एकाच चौकटीत कसे आणावेत, यासाठी आम्ही अर्धा तास जागा बदलीत होतो. चार पावले डावीकडे सरकले की दोघांमध्ये विजेचा खांब येई. निवृत्त रोखपालांनी एका पाटीवाल्यास सरळ विचारले, तो हसला, पाटी डोक्यावर घेऊन ताठ उभा राहिला, आणि चित्र बिघडले! मार्गदर्शक म्हणाले, "आता थांबा. पाच मिनिटांत तो तुम्हांला विसरेल." तसेच झाले. विचारल्याने चित्र जाते असे नव्हे. विचारल्यावर धीर धरावा लागतो, इतकेच.

मुंबई आणि छायाचित्रण यांचा संबंध जुना आहे. डागेर यांच्या शोधाची घोषणा १८३९ सालची. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत या विषयाचा वर्गही सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होत. पुढे याच शहरातील सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) या देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८-२००४) यांनी १९४८ साली गांधीजींच्या अंत्ययात्रेची छायाचित्रे घेतली होती. 'नेमका क्षण' ही कल्पना जगभर पसरली ती १९५२ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथामुळे. ते बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या एका भिंगावर करीत. या आकड्याशी आपल्याला पुढे काम आहे.

दुपारी सर्वांची चित्रे पडद्यावर दाखविण्यात आली. माझ्या गजऱ्याच्या चित्राची पुष्कळ स्तुती झाली. काळोखात उजळलेला तो लहानसा हात खरोखरच सुंदर आला होता. मार्गदर्शकांनी विचारले, "हा हात असा का आहे?" मी घडले ते सांगितले. खोलीत थोडा वेळ कोणी बोलेना. मग एका विद्यार्थिनीने मत दिले, की रस्ता सार्वजनिक आहे, तेव्हा हरकत नसावी. मार्गदर्शक म्हणाले, रस्ता सार्वजनिक आहे हे खरेच, परंतु मुलीने उत्तर दिले आहे आणि तेच उत्तर आपण पडद्यावर पाहत आहोत. ठेवावे की पुसावे हे त्यांनी माझ्यावर सोडले. मी ते पुसले. दिवसभरातील माझे ते एकच चांगले चित्र होते, हेही कबूल करतो.

परतीच्या गाडीत मला वेगळेच चित्र आठवत राहिले. काही वर्षांपूर्वी माझ्या बीटातील एका शाळेत एका देणगीदाराकडून गणवेश आले. वाटपाचा समारंभ झाला. एक मुलगी गणवेश घेताना खाली पाहत होती. "बाळ, वर बघ, फोटो काढायचा आहे" असे तिला मीच म्हटले. चित्र गटावर गेले, तेथून आणखी कोठे कोठे गेले. चार दिवसांनी तिचे वडील मला भेटावयास आले. भांडले नाहीत. "तेवढा फोटो काढून टाका," एवढेच म्हणाले. तो तोपर्यंत किती जणांच्या हातात गेला होता हे मला ठाऊक नव्हते. मी "बघतो" म्हटले. बघण्यासारखे काही उरलेच नव्हते.

आपण शाळेत किती चित्रे घेतो! पोषण आहार, वृक्षारोपण, पाहुण्यांची भेट, दिनविशेष. आणि ती मागणाऱ्यांत आम्ही अधिकारी पुढे असतो. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, कायद्याशी संघर्ष झालेल्या, तसेच गुन्ह्यास बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ मनाई करते. परंतु गणवेश घेणारी मुलगी त्या कलमात येत नाही. तिचे काय करावयाचे, हे आपणच ठरविले पाहिजे. माझ्या बीटापुरते मी असे सांगितले आहे, की काही स्वीकारणाऱ्या मुलाचे चित्र मला पाठवू नये. वस्तूंचे पाठवावे, नोंदवहीच्या पानाचे पाठवावे. एका केंद्रप्रमुखांनी विचारले, "वरून मागितले तर?" माझे नाव सांगा, असे मी म्हटले आहे. अद्याप तशी वेळ आलेली नाही.

आता वर्गातील उपक्रम. यास कॅमेरा लागत नाही. जाड पुठ्ठ्यात ९ सेंटिमीटर लांब व ६ सेंटिमीटर रुंद अशी खिडकी कापावी. जुन्या फिल्मची चौकट ३६ × २४ मिलिमीटर असे. आपली खिडकी तिच्या अडीचपट आहे. म्हणून ५० मिलिमीटरच्या भिंगातून जेवढे दिसते तेवढेच दिसण्यास खिडकी डोळ्यापासून ५० च्या अडीचपट, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर अंतरावर हवी. पुठ्ठ्यास तेवढा दोरा बांधून त्याच्या टोकाची गाठ डोळ्याखालील हाडास टेकवावी. मुलाने एका जागी दहा मिनिटे उभे राहून चौकटीत जे दिसते तेवढेच लिहावे. 'खूप', 'छान' व 'गर्दी' हे तीन शब्द वर्ज्य करावेत. मनुष्य चौकटीत घ्यावयाचा असेल तर त्यास आधी विचारावे. पुठ्ठ्याच्या चौकटीने कोणाचे काही नेले जात नाही हे खरे, तरी हा नियम गाळू नये.

गेल्या महिन्यात एका द्विशिक्षकी शाळेत हा उपक्रम चालू असता मी व्हरांड्यात बसलो होतो. चौथीतील एक मुलगी पुठ्ठा घेऊन स्वयंपाकाच्या खोलीपाशी गेली व आत डोकावून म्हणाली, "मावशी, तुम्ही माझ्या चौकटीत येता का?" मावशींनी "थांब गं" म्हटले, हात पुसले, पदर सारखा केला, चुलीवरचे झाकण पुन्हा नीट ठेवले, आणि मग म्हणाल्या, "हं, आता बघ."