मंगळयानाचे इंजिन थांबले तेव्हा



सायकल बिघडली तर आपण खोलून पाहतो. पण अवकाशात गेलेले, आत कोणी माणूस नसलेले यान बिघडले तर?

५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून मंगळयान निघाले. इंजिन टप्प्याटप्प्याने चालवून त्याची पृथ्वीभोवतीची कक्षा वाढवायची होती. ११ नोव्हेंबरला चौथ्या वेळी वेग सेकंदाला १३० मीटरने वाढायला हवा होता. वाढला फक्त ३५ मीटरने. सुमारे एक लाख किलोमीटर गाठायचे होते, यान ७८,२७६ किलोमीटरपर्यंतच गेले.

शास्त्रज्ञांनी यानाकडून आलेले आकडे तपासले. इंजिनाचे इंधन सोडणाऱ्या व्हॉल्व्हला दोन कॉइल असतात : एक मुख्य, एक राखीव. त्यांची चाचणी चालू होती. एकेक कॉइल नीट चालली. दोन्ही एकदम चालू करताच इंधन थांबले. म्हणून यापुढे एका वेळी एकच कॉइल वापरायची, असे ठरले. १२ नोव्हेंबरच्या पहाटे पाच वाजता इंजिन पुन्हा चालले व यान १,१८,६४२ किलोमीटरपर्यंत पोहोचले.

ही संधी हुकली असती, तर सुमारे २६ महिने थांबावे लागले असते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी यान मंगळाच्या कक्षेत गेले. त्यावरचा कॅमेरा आपल्या अहमदाबादच्या अवकाश केंद्रात तयार झाला होता.

बोध : गणित चुकले की सारे पान खोडू नका. कुठपर्यंत बरोबर होते, ते आधी पाहा.

स्वाध्याय : घरातील एखादी बंद पडलेली वस्तू निवडा. ‘काय चालते, काय चालत नाही, शेवटी काय बदलले?’ हे पालकांच्या मदतीने वहीत लिहा.

– मुख्याध्यापक