नोट्स द्या, पण आधी तारीख पडू द्या

लॉच्या पाच वर्षांच्या कोर्सला येणारी बहुतेक मुलं आपापल्या शाळेत पहिली आलेली असतात. क्लॅट या प्रवेश परीक्षेची रँक, मग सीजीपीए, मूट म्हणजे सराव न्यायालयाच्या स्पर्धा, इंटर्नशिप. सगळीकडे जागा मोजक्या. चढाओढीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती मैत्रीच्या नावाखाली केलेल्या उचलेगिरीला.

आमच्या इंटर्नल मूटचा प्रश्न प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेवर होता. गोपालन (१९५०) खटल्यात प्रत्येक मूलभूत हक्काचा कप्पा वेगळा मानला गेला, कूपर (१९७०) खटल्याने तो विचार मोडीत काढला आणि मनेका गांधी (१९७८) खटल्याने व्यक्तिस्वातंत्र्याचा अर्थ व्यापक केला, अशी साखळी मी जागरणं करून बांधली होती. "नुसती नजर टाकते गं," म्हणत मैत्रिणीने फाइल मागितली. मी दिली.

तिची फेरी माझ्या आधी होती. मागच्या बाकावर बसून ऐकताना माझे हातपाय गार पडले. तोच क्रम, तीच वाक्यं. जजनी विचारलं, "कूपर तर बँकांच्या राष्ट्रीयीकरणाची केस. स्थानबद्धतेशी तिचा काय संबंध?" तिची बोलती बंद. ते उत्तर माझ्या वहीत होतं, फाइलमध्ये नव्हतं. तरी निवड तिचीच झाली. माझी पाळी आली तोवर तो युक्तिवाद शिळा झाला होता.

जाब विचारला तर म्हणाली, "जजमेंट्स काय कुणाच्या मालकीची असतात का?" नसतातच. पण ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक (२००७) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच फरक केलाय: निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा, पण संपादकाने डोकं चालवून पाडलेले परिच्छेद आणि घातलेल्या टिपा त्याच्या. लॉच्या विद्यार्थिनीला हे वेगळं सांगावं लागू नये.

म्हणून सांगते. मसुदा कुणालाही देण्याआधी स्वतःला ईमेल करा, जमल्यास मूटच्या प्राध्यापकांनाही, तारीख पडते. केसचं नाव खुशाल सांगा, युक्तिवादाचा क्रम फेरी होईपर्यंत जवळ ठेवा. टीम असेल तर कोणता मुद्दा कोण लिहिणार, स्पीकर कोण, रिसर्चर कोण, हे पहिल्याच बैठकीत लेखी ठरवा. आणि चढाओढीचा ताण फार वाढू द्यायचा नसेल तर कॅम्पस रिक्रूटमेंटच्या दिवसांत लिंक्डइन बंद ठेवा. झोप मोडू नका. सुट्टीत जिल्हा न्यायालयात बसून जामीन अर्जांवरचे युक्तिवाद ऐका. तिथे कुणी सीजीपीए विचारत नाही. फारच असह्य झालं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. संकोच करू नका.

"सगळं विसरून जा," असंही लोक सांगतील. मी विसरलेले नाही. ज्युनियर मुलांना मी आजही नोट्स देते, कारण एकीच्या वागण्याची शिक्षा त्यांना का? तिने मात्र परत मागू नयेत.