अपिलातील मध्यस्थ आणि सुलह

दावा अपिलात जातो तेव्हा एक पक्ष खालच्या न्यायालयात जिंकलेला असतो, दुसरा दुखावलेला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ अन्वये न्यायालय असा वाद मध्यस्थाकडे सोपवू शकते. मध्यस्थ निकाल देत नाही. दोन्ही बाजू ऐकून त्यांनाच तडजोडीपर्यंत नेतो. मग जिंकलेल्याने माघार का घ्यावी?

याचे उत्तर सहीह बुखारीतील एका प्रसंगात आहे. हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांनी मस्जिदे नबवीत इब्ने अबी हदरद (रजि.) यांच्याकडे आपले कर्ज मागितले. आवाज चढले. प्रेषितांनी (स.) हुजऱ्याचा पडदा सारून कअब यांना अर्धे कर्ज सोडण्याची खूण केली. हक्क त्यांचाच होता, तरी त्यांनी तत्काळ मान्य केले. लगेच प्रेषितांनी (स.) कर्जदारास उरलेले फेडण्याची आज्ञा केली. एकाची सवलत आणि दुसऱ्याची फेड, या दोहोंवर सुलह उभी राहते.

मात्र हलालला हराम किंवा हरामला हलाल ठरवणारी सुलह जायज नाही, असे तिर्मिजीतील हदीस सांगते. वारशाच्या दाव्यात घराण्याच्या अब्रूचे नाव घेऊन बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणे ही सुलह नव्हे. तिचा वाटा सूरह निसाने ठरवून दिला आहे. कअब यांनी सोडले ते स्वतःचे होते. बहिणीचे सोडण्याचा अधिकार भावाला नाही. म्हणून मध्यस्थाने सहीपूर्वी तिला एकांतात अवश्य विचारावे : आपला वाटा किती, हे तुम्हांला ठाऊक आहे ना? आणि ही सही आपल्या खुशीची आहे ना?