पारपत्र : काल आणि आज

(परदेशी जाताना लागणारे पारपत्र, म्हणजेच पासपोर्ट, कसे बदलत गेले, ते अधिक सुरक्षित कसे झाले आणि आता लवकर कसे मिळते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

आमचे घर वढू बुद्रुकला आहे. शिरूर तालुक्यातले, भीमा नदीच्या काठचे हे गाव. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ते साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. समाधीच्या दर्शनाला दूरदूरचे लोक येतात. त्यांना वाटेत कोणी अडवत नाही की कोणी कागद मागत नाही. पण आपल्या देशाची सीमा ओलांडायची असेल, तर मात्र कागद लागतो. हे आमच्या दादीला वयाच्या सत्तराव्या वर्षी कळले.

दादीची हजला जाण्याची फार दिवसांची इच्छा होती. अब्बूंनी पैसे जमवले होते. एके दिवशी मी म्हणालो, "दादी, अर्ज भरायचा तर आधी तुमचं पारपत्र हवं."

दादी म्हणाली, "बेटा, आमच्या गावातले म्हातारे हजला गेले, तेव्हा त्यांच्याकडं कुठं होतं असलं पुस्तक?"

दादीचे म्हणणे खोटे नव्हते. पूर्वी हज कमिटीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूंना केवळ त्या यात्रेपुरता एक वेगळा परवाना मिळत असे. २००९ पासून मात्र प्रत्येक यात्रेकरूला नेहमीचे आंतरराष्ट्रीय पारपत्रच काढावे लागते.

मग आम्ही दादीची कागदपत्रे गोळा केली आणि तिथेच घोटाळा झाला. शिधापत्रिकेवर दादीच्या नावापुढे 'बी' लिहिलेले, सातबाऱ्यावर 'बाई', तर आधारकार्डावर 'बेगम'! इंग्रजी अक्षरेही दोन ठिकाणी दोन तऱ्हेची. कुठे 'आय', तर कुठे 'डबल ई'. शहरातील केंद्रात गेलो, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी कागद शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "आजी, या कागदांवर तीन बायका आहेत. तुम्ही यांतल्या कोणत्या?"

दादी हसली, पण आम्हांला परत यावे लागले. सगळ्या कागदांवर नाव एकसारखे करून घेईपर्यंत त्या वर्षीच्या हजच्या अर्जाची मुदत संपून गेली.

मुलांनो, एका अक्षराला एवढे महत्त्व का? हे समजण्यासाठी पारपत्राची गोष्ट थोडी मागून पाहू या.

प्रवासाचा परवाना ही कल्पना नवी नाही. मराठ्यांच्या काळातही मुलूख ओलांडताना, माल नेताना परवाना किंवा दस्तक दाखवावे लागे. 'राहदारी' हा शब्दही त्याच काळचा. आज मराठीत 'रहदारी' म्हणजे रस्त्यावरची ये-जा. पण पूर्वी वाटेवरच्या जकातीला आणि जाण्याच्या परवान्यालाही राहदारी म्हणत. परवाना, दस्तक, दस्तऐवज, शिक्का, मोहर हे शब्द तुम्ही उर्दूत वाचता, तेच मराठीतही वाचता. शब्दांना पारपत्र लागत नाही, हेच खरे!

त्या काळीही खोटी पत्रे करणारे लोक होते. म्हणून राजाच्या पत्रावर शिक्का उमटवीत. मजकूर संपला, की शेवटी आणखी एक लहान शिक्का मारीत. त्याला 'मोर्तब' म्हणत. 'लिखाण येथे संपले' असा त्याचा अर्थ. त्यामुळे मागाहून कोणाला खाली एखादी ओळ घुसडता येत नसे. लांब पत्रासाठी कागद जोडले, तर जोडावरही शिक्का असे. म्हणजे मधला कागद बदलता येत नसे. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आजही वापरतो, तो या पद्धतीवरून आला आहे. आजच्या पारपत्रातील सुरक्षेच्या युक्त्या या शिक्कामोर्तबाच्याच पुढच्या पायऱ्या आहेत.

पहिल्या महायुद्धाच्या काळात देशोदेशींनी सीमेवर कागद तपासायला सुरुवात केली. प्रत्येक देशाचा कागद वेगळा असल्याने गोंधळ होई. १९२० साली पॅरिसला राष्ट्रसंघाची परिषद भरली आणि सर्व देशांची पारपत्रे एका नमुन्याच्या पुस्तिकेत असावीत, असे ठरले. भारतात पारपत्राचा कायदा १९२० मध्येच आला. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे पारपत्र द्यायचे की नाही, हे सरकारच्या मर्जीवर होते. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की परदेशी जाणे हा नागरिकाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणाला पारपत्र नाकारता येणार नाही. मग त्याच वर्षी २४ जूनला नवा पारपत्र अधिनियम आला. म्हणून २४ जून हा दिवस 'पासपोर्ट सेवा दिवस' म्हणून पाळतात.

आपले पारपत्र कोठे छापले जाते, ठाऊक आहे? आपल्या महाराष्ट्रातच, नाशिक रोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालयात! हे मुद्रणालय सुरू होण्यापूर्वी आपली टपाल तिकिटे इंग्लंडमधून छापून येत असत. आज तेथे टपाल तिकिटे, मुद्रांक आणि पारपत्रे छापली जातात. पारपत्राचा कागद साधा नसतो. उजेडासमोर धरला, की त्यात जलचिन्ह दिसते. काही शाई नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अतिनील दिव्याखाली ती चमकते. काही रेषा आणि अक्षरे इतकी बारीक असतात, की झेरॉक्स काढली तर ती पुसट होतात.

पूर्वी पारपत्र हाताने लिहीत आणि त्यावर फोटो चिकटवीत. लबाड लोक फोटो काढून दुसऱ्याचा फोटो डकवीत आणि भलताच माणूस भलत्याच नावाने प्रवास करी. म्हणून पुढे फोटो पानावरच छापला जाऊ लागला आणि पानाच्या तळाशी यंत्राने वाचण्याच्या दोन ओळी आल्या. प्रत्येक ओळीत ४४ जागा असतात. त्यांत फक्त इंग्रजी मोठी अक्षरे, आकडे आणि बाणासारखी एक खूण वापरतात. हाताने लिहिलेली जुनी पारपत्रे २४ नोव्हेंबर २०१५ नंतर जगात चालेनाशी झाली.

या ओळींत एक गंमत आहे. जन्मतारखेच्या पुढे एक जादा आकडा असतो. त्याला तपासणी अंक म्हणू या. तो कसा काढतात? समजा, एका मुलाचा जन्म १२ जून २०१० चा आहे. यंत्राच्या ओळीत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे १००६१२ लिहितात. या सहा अंकांना ओळीने ७, ३, १, ७, ३, १ यांनी गुणायचे. उत्तरे येतात ७, ०, ०, ४२, ३, २. त्यांची बेरीज ५४. बेरजेतील शेवटचा अंक ४, तोच तपासणी अंक. आता कोणी खोटेपणा करून वर्ष २००८ केले, तर अंक होतील ०८०६१२. गुणाकार होतील ०, २४, ०, ४२, ३, २. बेरीज ७१, शेवटचा अंक १. पण ओळीत तर ४ छापलेला! यंत्र लगेच सांगते, की येथे काहीतरी गडबड आहे. हा हिशोब तुम्ही आपल्या वहीत करून पाहा.

पण हा हिशोब आपल्याला येतो, तसा लबाडालाही येऊ शकतो. म्हणून आणखी पुढची पायरी आली, ती म्हणजे ई-पारपत्र. मलेशियाने १९९८ मध्ये असे पारपत्र सर्वांत आधी काढले. भारतात जून २००८ मध्ये त्या वेळच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना पहिले ई-पारपत्र देण्यात आले. त्या आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या. सामान्य नागरिकांसाठी १ एप्रिल २०२४ पासून नागपूर आणि भुवनेश्वर येथे प्रायोगिक सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये ही सोय देशभर पोहोचली. अशा पारपत्राच्या मुखपृष्ठावर खालच्या बाजूला सोनेरी रंगाची एक लहान खूण असते. आत एक बारीक चिप आणि तिची तार बसवलेली असते. चिपमध्ये धारकाची माहिती व छायाचित्र साठवलेले असते आणि त्यावर सरकारची संगणकीय सही असते. छापलेले पान कोणी बदलले, तरी चिपमधली माहिती जुळत नाही. चिपमधली माहिती बदलली, तर सही जुळत नाही. जुन्या पत्रावरच्या मोर्तबाचे काम आता ही सही करते.

काहींना भीती वाटते, की खिशातल्या पारपत्रातली माहिती कोणी दुरूनच चोरील. त्यावरही उपाय आहे. पान उघडून त्या दोन ओळी यंत्राला दाखवल्या, तरच चिपचे कुलूप उघडते. ज्यांच्याजवळ जुने पारपत्र आहे, त्यांनी घाबरायचे कारण नाही. त्याची मुदत संपेपर्यंत ते चालते.

सुरक्षितता वाढली, तसा वेगही वाढला. पूर्वी अर्ज हाताने भरायचा, रांगेत तासन्‌तास उभे राहायचे आणि मग महिनोन्‌महिने वाट पाहायची. अनेकजण दलालांच्या हाती पैसे देत. २०१० मध्ये बेंगळुरू आणि चंडीगड येथे पासपोर्ट सेवा प्रकल्पाची सुरुवात झाली. आता अर्ज आणि पैसे घरबसल्या भरता येतात आणि येण्याची वेळ आधीच ठरवून मिळते. केंद्रात तीन खिडक्या असतात. पहिल्या खिडकीवर कागद घेतात, फोटो काढतात आणि बोटांचे ठसे घेतात. दुसऱ्या खिडकीवर सरकारी अधिकारी कागद तपासतात. तिसऱ्या खिडकीवर पारपत्र मंजूर करण्याचा निर्णय होतो. २०१७ पासून टपाल कार्यालयांतही अशी केंद्रे निघाली. देशात ती आता चारशेहून अधिक आहेत. त्यामुळे लहान गावच्या लोकांना दूर जावे लागत नाही. त्यानंतर पोलीस घरी येऊन चौकशी करतात. अनेक ठिकाणी ते आपला अहवाल मोबाइलवरूनच पाठवतात.

यंत्रे कितीही चांगली असली, तरी त्यांना दिलेली माहिती माणसाचीच असते. दादीचे तसेच झाले. यंत्राला 'बी', 'बाई' आणि 'बेगम' एकच, हे कळत नाही. आपल्यासाठी ते आदराचे शब्द. यंत्रासाठी ती निराळी अक्षरे.

दुसऱ्या वर्षी आम्ही सगळे कागद नीट जुळवून पुन्हा केंद्रात गेलो. ठसे घ्यायची वेळ आली, तर यंत्रावर दादीचे ठसेच उमटेनात. आयुष्यभर खुरपणी करून, भांडी घासून बोटे झिजलेली. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "आजी, हात पुसा आणि बोट जरा दाबून ठेवा. आपल्याला घाई नाही." चौथ्या खेपेला ठसा उमटला. काही दिवसांनी पोस्टमनने पारपत्र घरी आणून दिले. दादीने ते डोळ्यांना लावले. मग त्या दोन ओळींवर बोट ठेवून विचारले, "बेटा, यात माझं नाव कोणतं?"

मी दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "एका अक्षरानं माझं एक वर्ष खाल्लं. तुझ्या वर्गातल्या पोरांना हे सांग."

म्हणून सांगतो. मुलांनो, तुम्ही आपले नाव तीन लिपींत लिहिता. उर्दूत, मराठीत आणि इंग्रजीत. शाळेच्या दाखल्यावर आणि आधारकार्डावर ते कसे लिहिले आहे, हे आजच घरी जाऊन पाहा. फरक असेल, तर आई-वडिलांना सांगा आणि वेळेत दुरुस्त करून घ्या. तुमच्यापैकी कोणी उद्या शिक्षणासाठी परदेशी जाईल, कोणी नोकरीसाठी, कोणी आपल्या दादीला हजला नेईल. पारपत्र आपल्या हातात असले, तरी कायद्याने ते भारत सरकारच्या मालकीचे असते. त्यातील नाव मात्र आपले असते. ते नीट सांभाळणे आपल्याच हाती आहे.

शब्दार्थ

पारपत्र – पासपोर्ट
मुलूख – प्रदेश
जकात – मालावरचा कर (उर्दूतील 'जकात' म्हणजे दान, येथे अर्थ वेगळा आहे)
जलचिन्ह – कागदाच्या आत दिसणारी खूण
अतिनील – डोळ्यांना न दिसणारा एक प्रकारचा प्रकाश
धारक – जवळ बाळगणारा
घुसडणे – मध्येच बळेच घालणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भारताचे पारपत्र कोठे छापले जाते?
(आ) २४ जून हा दिवस कोणत्या नावाने पाळतात?
(इ) दादीच्या बोटांचे ठसे लवकर का उमटले नाहीत?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जुन्या पत्रांवर मोर्तब का करीत असत?
(आ) दादीला पहिल्या वर्षी हजचा अर्ज का भरता आला नाही?
(इ) चिपमधील माहिती कोणी बदलली, तर ते कसे कळते?

३. पाठात आलेले, उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द शोधा. 'जकात' शब्दाप्रमाणे त्यांपैकी कोणाचा अर्थ दोन भाषांत वेगळा आहे काय, ते पाहा.

४. आपल्या जन्मतारखेचा तपासणी अंक काढा.