भिंतीवरील रेघा : पतिपत्नीच्या प्रेमाची एक प्राचीन गाथा

पतिपत्नीच्या प्रेमाची कविता म्हटली म्हणजे कित्येकांस संकोच वाटतो. त्यांत शिकण्यासारखें तें काय, असें ते विचारितात. म्हणून आजच्या पाठासाठीं आम्ही आपल्याच मुलखांतील एक लहानशी गाथा घेतली आहे.

‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतांतील सुमारें ७०० गाथांचा संग्रह सातवाहन राजा हाल ह्याच्या नांवें प्रसिद्ध आहे. प्रत्येक गाथा दोनच ओळींची असते. स. आ. जोगळेकर यांनीं १९५६ सालीं हा ग्रंथ मराठी अनुवादासह वाचकांपुढें ठेविला. सातवाहनांच्या काळीं कल्याण हें नांवाजलेलें बंदर होतें. तेथील माल मुरबाडच्या बाजूनें नाणेघाट चढून जुन्नरास जाई. घाटांतील लेण्यांत राणी नागनिकेचा लेख आजही आहे. अशा वाटेनें गेलेला मनुष्य लवकर परतत नसे. हें ध्यानांत ठेविलें म्हणजे आमची गाथा उलगडते.

पति परगांवीं गेला आहे. पत्नी दिवस मोजण्यासाठीं भिंतीवर रेघ ओढिते. तो गेल्याची आठवण होतांच ती पुन्हा रेघ ओढिते, आणि पुन्हा. पहिल्या दिवसाचा अर्धा भाग सरतो न सरतो तोंच भिंत रेघांनीं भरून जाते. गाथा इतकीच आहे.

आतां अर्थ पाहूं. कवीनें काय सांगितलें नाहीं, हें प्रथम पाहावें. येथें प्रेमाचें नांव नाहीं, अश्रूही नाहींत. दुसरें असें कीं, रेघ दिवसास एक हवी. तिनें ती आठवणीस एक ओढिली. हिशेब चुकला, पण मन खरें बोललें. पुढील महिने कसे जातील, तें कवि आपणांवर सोडितो.

परंतु येथेंच थांबलों, तर वाट पाहणें हा केवळ स्त्रीचा धर्म, असा एकांगी बोध होईल. म्हणून त्याच संग्रहांतील दुसरी गाथा जोडून वाचावी. स्वयंपाक करितांना काजळी लागलेला हात गृहिणीच्या तोंडास लागतो. पति पाहून हंसतो. त्यास तिचें मुख डाग असलेल्या चंद्रासारखें दिसतें. हें हंसणें उपहासाचें नव्हे, असें आम्हांस वाटतें. डाग कष्टाचा आहे, म्हणूनच तो त्याच्या दृष्टीस शोभा देतो.

ह्या संग्रहांत चोरट्या प्रेमाच्याही पुष्कळ गाथा आहेत. यास्तव कोण कोणाविषयीं बोलत आहे, हें वाचकानें आधीं ओळखावें.

आजही कल्याण व डोंबिवलीच्या स्थानकांवरून असंख्य स्त्रीपुरुष कामासाठीं मुंबईस जातात, आणि घरीं कोणीतरी त्यांची वाट पाहत असतें. कुटुंबांत बसून पुढील प्रश्नांचा विचार करावा :

१. भिंत इतक्या लवकर कां भरली?
२. काजळी पाहून पति रागावला असता, तर गाथेंतील काय नाहींसें झालें असतें?
३. दिवसभर कष्टलेल्या माणसाचें तोंड पाहून आपल्या घरीं पहिला शब्द कोणता निघतो?