खुराड्याचा हिशोब

दापोली,
अक्षय्य तृतीया

चि. सौ. सुजातास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आठ तलंगा घ्यायचं ठरलं, सासूबाईंचीही हरकत नाही, हे वाचून बरं वाटलं. घोडं अडलंय ते खुराड्यापाशी. चिपळूणच्या दुकानातलं रंगीत तयार खुराडं तुझ्या मनात भरलंय, महेशराव फॅब्रिकेटरकडून लोखंडी पिंजरा करून घ्यायचा म्हणतात, आणि सासूबाई म्हणतात, आम्ही डालग्याखाली झाकत होतो, काय बिघडलं? यातलं सगळ्यात स्वस्त कोणतं ते मामाने सांगावं, असं तू लिहिलंयस.

पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझा जन्म या तालुक्यात फिरण्यात गेला. लस द्यायला गेलं की लोक चहाला ओट्यावर बसवतात, पण माझे पाय आधी खुराड्याकडे वळायचे. त्या अनुभवावरून सांगतो. चांगली गावठी कोंबडी आज चार-पाचशेच्या खाली येत नाही. जे खुराडं पहिल्याच पावसाळ्यात दोन कोंबड्या रानमांजराच्या तोंडी देईल, ते दुकानातल्या किमतीपेक्षा हजाराने महाग पडलं असं समज. म्हणून जाळी, दार आणि जमिनीपासूनची उंची या तीन गोष्टींवर हात सैल सोड. बाकी सगळं घरचं, परसातलं, मोडीतलं चालतं.

आधी जागेचा हिशोब कर. तुझ्या कोंबड्या दिवसभर परसात चरणार, म्हणजे खुराडं मुख्यतः रात्रीपुरतं. नुसतं झोपायला कोंबडीमागे एक चौरस फूट पुरतो. पण आपल्याकडे आषाढात झड लागली की चार-चार दिवस त्या बाहेर पडत नाहीत. दाटीवाटीने कोंडल्या की एकमेकींची पिसं उपटतात, शेपटीकडे रक्त काढतात. म्हणून दोन चौरस फूट धर. आठ कोंबड्यांना चार बाय चारचं खुराडं झालं. दुकानातल्या खुराड्यावर 'आठ ते दहा कोंबड्यांसाठी' असं लिहिलेलं असलं तरी टेप घेऊन जा आणि आतली लांबी-रुंदी स्वतः मोज. अंड्यांचा खण, बाहेर काढलेलं छप्पर, पुढचं जाळीचं अंगण असं सगळं धरून तो आकडा फुगवलेला असतो.

बसायच्या दांडीचाही हिशोब असाच. कोंबडीला आठ ते दहा इंच दांडी लागते. चार-चार फुटांच्या दोन दांड्या आठ जणींना भरपूर होतात. दोन्ही एकाच उंचीवर ठेव, मध्ये सव्वा फूट अंतर सोड. एक वर नि एक खाली ठेवलीस तर रोज संध्याकाळी वरच्या जागेसाठी मारामारी ठरलेली. दांडी ऐनाची किंवा किंजळीची, दोनेक इंच जाडीची, साल काढून गुळगुळीत केलेली घ्यावी. साल ठेवलीस तर तिच्याखाली पिसवा आणि किडे घर करतात, रात्री कोंबड्यांचं रक्त पितात, आणि अंडी का घटली म्हणून तू खाद्याला दोष देत बसशील.

आता तुमचे तिघांचे तीन पर्याय पाहू.

दुकानातलं तयार खुराडं हलक्या लाकडाचं नाहीतर दाबलेल्या भुश्याच्या फळ्यांचं असतं. भुश्याची फळी पाणी प्यायली की फुगते आणि स्क्रूची पकड सुटते. घाटावरच्या कोरड्या हवेत ती टिकेल. तुमच्या वेळणेश्वरच्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात मला तिचा भरवसा वाटत नाही. वर अशा खुराड्याचं दार बहुधा वीतभर. आतला कोपरा झाडायचा तर हात खांद्यापर्यंत घालावा लागतो. जे नीट झाडता येत नाही ते महिनाभराने झाडलंच जात नाही.

महेशरावांचा लोखंडी पिंजरा मजबूत होईल, पण चारी बाजूंनी उघडा असेल तर पाऊस आडवा घुसेल आणि पत्र्याखाली वैशाखात कोंबड्या चोच उघडून धापा टाकतील. सांगाडा लोखंडी करायला माझी ना नाही. तो सगळा जाळीने मढवू नका. कोणीतरी त्यांना पोल्ट्रीतले जुने पिंजरे स्वस्तात घ्या म्हणूनही सांगेल. ते घेऊ नका. त्यात एका कोंबडीच्या वाट्याला वहीच्या पानाएवढी जागा येते. चरून पोट भरणारी गावठी कोंबडी त्यात झुरते, आणि मागच्या कळपाचा रोगही पिंजऱ्याबरोबर घरी येऊ शकतो.

सासूबाईंचं डालगं मात्र टाकू नका. रात्रीच्या राखणीला ते उपयोगाचं नाही, कारण कुत्रं नाकाने ढकलून ते उलटं करतं. पण पिलांची कोंबडी दिवसा अंगणात डालग्याखाली ठेवली की घारीची भीती जाते. खुडूक कोंबडी, आजारी कोंबडी, बाजारातून नवीन आणलेली कोंबडी वेगळी ठेवायलाही तेच कामी येतं. नवी कोंबडी दोन-तीन आठवडे जुन्यांत मिसळायची नाही, हे लक्षात ठेव. म्हणजे दुसरं खुराडं घ्यायचा तुझा खर्च सासूबाईंनी वाचवला. त्यांना तसं सांग, बरं वाटेल त्यांना.

माझं म्हणणं असं, की खुराडं गावातल्या सुताराकडून नाहीतर वेल्डरकडून मापाने करून घ्या. चार कोपऱ्यांना चिऱ्यांचे दोन-सव्वादोन फूट उंचीचे खांब सिमेंटमध्ये बसवा आणि त्यावर सांगाडा ठेवा. लाकडी खांब जमिनीत पुरलेत तर वाळवी दोन वर्षांत खाऊन टाकेल. अख्खं खुराडं चिऱ्याचं बांधू का, असंही तू विचारलंयस. चिरा थंड राहतो हे खरं, पण जांभ्याची भोकं पिसवांना आंदणच. आतून गिलावा करून वर्षातून दोनदा चुना मारायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा, आणि मग ते स्वस्त राहिलं का तेही बघ.

उंचीचा आग्रह का धरतो ते सांगतो. जुन्या घरांत ओट्याखाली खुराडं असायचं. काळोखी, बुटकी जागा. आत काय आहे ते दिसायचं नाही. पोराबाळांनी पालथं पडून, हात घालून चाचपत अंडी काढायची. अशाच एका घरी मी लस द्यायला गेलो होतो. घरातली म्हातारी हात घालणार तोच आतून फूत्कार आला. कंदील धरून पाहिलं तर नाग अंड्यांवर वेटोळं घालून बसलेला. तेव्हा खुराड्याचा तळ कमरेच्या खाली पण गुडघ्याच्या वर असावा, आतला प्रत्येक कोपरा डोळ्यांना दिसावा आणि झाडूला पोचावा. दार दोन फूट तरी रुंद ठेव. कोंबड्यांना चढायला आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी तिरकी लाव आणि रात्री ती काढून ठेव.

जाळी घेताना घाई करू नकोस. दुकानदार आधी षटकोनी भोकांची मऊ जाळी दाखवेल, कारण ती स्वस्त असते. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. दातांनी ओढली की उसवते. तुला वेल्डमेश पाहिजे, अर्ध्या इंचाच्या चौकोनांची. एक इंचाच्या भोकातून लहान साप येतो, उंदीर येतो, आणि रानमांजर पंजा घालून दांडीवरच्या कोंबडीची मान ओढतं. सकाळी मुंडकं नसलेली कोंबडी आत पडलेली दिसते आणि लोक करणी शोधत बसतात. जाळी हातात घेऊन तारा जिथे एकमेकींना चिकटतात ते सांधे बघ. सांध्यावर जस्ताचा पांढुरका थेंब बसलेला असेल तर जाळी जोडून मग तिला जस्त चढवलंय. सांधा तपकिरी, उघडा दिसला तर आधी जस्त चढवून मग जोडलीय, आणि तुमच्या खाऱ्या हवेत तिथूनच गंज धरणार. जाळी खिळे वाकवून मारू नका. वरून लाकडी पट्टी ठेवून स्क्रूने आवळा.

दाराला नुसता आकडा नको. कुत्रं तो नाकाने उचलतं. सरकती कडी लाव आणि तिच्या भोकात खिट्टी घाल. तिन्हीसांजेला कोंबड्या आपल्या पायांनी आत जातात. त्या मोजून दार लावायचं काम घरातल्या एकाच माणसाकडे दे. दोघांवर सोपवलेलं दार एखाद्या रात्री उघडं राहतंच.

तुमचा वारा समुद्राकडून, पश्चिमेचा. पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत बंद फळ्यांची कर, दार पूर्वेला ठेव. मात्र छपराखाली समोरासमोर वीतभर पट्टी जाळीची सोड, म्हणजे वारा कोंबड्यांच्या डोक्यावरून जाईल, अंगाला लागणार नाही. पावसाच्या धास्तीने लोक सगळं ताडपत्रीने लपेटतात. मग शिटांचा वायू आत कोंडतो, कोंबड्यांचे डोळे पाणावतात, नाक वाहतं. सकाळी दार उघडल्याबरोबर तोंड आत घालून श्वास घे. तुझे डोळे चुरचुरले तर हवा कमी आहे.

छपराला पत्रा चालेल, पण त्यावर झावळ्यांचे झाप टाक, ऊन मरतं. पश्चिमेला छप्पर दीड फूट बाहेर काढ. आणि पत्रा नुसत्या खिळ्यांवर भागवू नकोस. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतले पत्रे माडाच्या शेंड्यांत जाऊन अडकले होते. जे वाचले ते हूक घालून आवळलेले. सांगाडाही चार कोपऱ्यांना जाड तारेने खांबांशी बांधून घ्या.

खुराड्याच्या तळाला बांबूच्या कांबी अर्धा इंच फट ठेवून बसवल्या तर शीट खाली पडते आणि रोजचं झाडणं वाचतं. कांबींच्या खालून तीच जाळी मारा, नाहीतर वरची सगळी मेहनत फुकट. पिलांची कोंबडी असेल तेव्हा कांबींवर गोणपाट घालून वर भाताचं तूस पसर. खाली साठलेली शीट ताजी ताजी मिरचीच्या बुंध्यात टाकू नकोस, मुळं जळतात. खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर कुजव, मग माडाला घाल.

बाकी कशालाच पैसे लागत नाहीत. अंडी घालायला आंब्याची जुनी लाकडी पेटी आडवी ठेव, आत पेंढा घाल. चार कोंबड्यांना एक, म्हणजे दोन पेट्या झाल्या. लांबी-रुंदी फूटभर तरी भरली पाहिजे. त्या दांडीपेक्षा खाली आणि काळोख्या कोपऱ्यात ठेव. वर ठेवल्यास तर कोंबड्या त्यातच झोपतील आणि अंडी शिटाने भरतील. बाहेर पडवीच्या कडेला चुलीतली राख पाऊस लागणार नाही अशी पसरून ठेव. कोंबड्या तीत लोळतात आणि उवा-पिसवा झाडून टाकतात. दरवाजा, फळ्या, कौलं मोडीत मिळाली तर घे. फक्त जुनं लाकूड आत वापरण्याआधी उन्हात टाक आणि चुना मार.

खुराडं थोडं मोठंच करू का, हा तुझा प्रश्न राहिला. नको. गावठी कोंबडी खुडूक झाली की दहा-बारा अंड्यांवर बसते, एकविसाव्या दिवशी पिलं फुटतात, आणि आठाच्या वीस कधी झाल्या ते कळत नाही. मोठं खुराडं असलं की माणूस कोंबडे विकायचं टाळतो आणि खाद्याचं बिल वाढवत बसतो. गटारीला, गणपतीनंतर, शिमग्याला गावठी कोंबड्याला भाव असतो. तेव्हा नर काढत जा, आठ-दहावर संख्या राख. मिरगाला राखणीचा कोंबडाही घरचाच निघेल.

तेव्हा महेशरावांना म्हणावं, सांगाडा तुमच्या वेल्डरकडून, भिंती सुताराकडून, जाळी स्वतः निवडून. मिरग लागायला महिनाही उरलेला नाही. सिमेंट पावसाआधी सुकलं पाहिजे, म्हणून खांब या आठवड्यातच उभे करा. तलंगा खुराडं पुरं झाल्यावरच आणायच्या. आधी कोंबड्या आणि मग घर, असं केलंत तर घाईत दुकानातलं रंगीतच घरी येईल. वेल्डरला पैसे देण्याआधी मापं मला कळव. पेट्या विकत घेऊ नकोस, इथे माळ्यावर चार पडल्या आहेत, कोणी तिकडे येणारं असलं की पाठवतो.

सासूबाईंना नमस्कार, महेशरावांना आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मामा

ता.क. मानमोडीची लस विसरू नकोस. आठ आठवड्यांवरच्या तलंगांना आर-टू-बी टोचून घ्यायची असते. लशीची कुपी शंभर कोंबड्यांची येते आणि एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे आठ कोंबड्यांसाठी ती फोडायला कोणी तयार होत नाही. वाडीतल्या चार घरांच्या कोंबड्या जमव आणि मग पशुवैद्यकीय दवाखान्यात दिवस ठरवून घे. कोंबड्या पहाटे, दार उघडण्याआधीच धरायच्या. एकदा बाहेर पडल्या की सगळी वाडी त्यांच्यामागे धावत सुटते.