‘अनस्ट्रंग’ : सैल झालेली दोरी, खचलेले मन

इंग्रजीतील ‘अनस्ट्रंग’ हा शब्द भाषांतरकाराची परीक्षा पाहणारा आहे. त्याचे दोन अर्थ कोशात शेजारीशेजारी आढळतात : दोरी वा तारा उतरविलेला, आणि धीर सुटलेला. पहिला धनुष्याला किंवा वाद्याला लागू पडतो, दुसरा माणसाला.

‘स्ट्रिंग’ म्हणजे दोरी, तार. ‘स्ट्रंग’ म्हणजे ती चढविलेला. आरंभीचा ‘अन’ हा येथे केवळ नकार दर्शवीत नाही. ‘अनलॉक’मध्ये असतो तसा तो झालेली क्रिया उलटवितो. आधी ताण होता व तो गेला, हे या शब्दात गृहीत आहे. काम संपल्यावर लाकडाची लवचीकता टिकावी म्हणून धनुर्धर धनुष्याची दोरी उतरवून ठेवीत. म्हणजे मूळ अर्थात दोषाचा लवलेशही नाही.

मग माणसाला हे विशेषण कसे चिकटले? याचे उत्तर ‘नर्व्ह’ या शब्दात आहे. ग्रीक ‘न्यूरॉन’ व लॅटिन ‘नेर्वुस’ यांचा जुना अर्थ कंडरा, तसाच धनुष्याची दोरी. कारण दोऱ्या जनावरांच्या कंडरांपासूनही बनवीत. इ. स. पूर्व 3ऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलसने शवविच्छेदन करून संवेदना वाहणारे तंतू कंडरांहून वेगळे ओळखले. नाव मात्र जुनेच राहिले. त्यामुळे सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात ‘नर्व्हस’चा पहिला अर्थ चक्क ‘बळकट’ असा आहे! दुबळ्या मज्जातंतूंचा, हा अर्थ तेथे वैद्यांच्या खास बोलीतला म्हणून नोंदला आहे. आज तोच रूढ झाला.

आपला ‘स्नायु’ हा शब्दही भाषाशास्त्रज्ञ याच कुळातला मानतात; संस्कृतात त्यालाही धनुष्याची दोरी असा अर्थ होता. मराठीत तो मांसपेशींकडे वळला आणि ‘नर्व्ह’साठी ‘मज्जातंतू’ शब्द घडविला गेला, अर्थात ‘तंतू’च्या रूपाने दोरी पुन्हा आलीच.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. एखाद्या इंग्रजी अहवालात पूरग्रस्त व्यक्तीचे वर्णन ‘अनस्ट्रंग’ असे असेल आणि मराठीत आपण ‘ताळतंत्र सुटलेली’ लिहिले, तर आपत्तीत सापडलेल्या माणसावर बेतालपणाचा ठपका येतो व तिच्या निवेदनावरील विश्वासही डळमळतो. तेथे ‘हातपाय गळालेली’, ‘अवसान गळालेली’ हेच योग्य. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाची गात्रे शिथिल होतात आणि गांडीव हातातून निसटते. त्याला कोणी बेताल म्हणत नाही. (दोरी मात्र तेथे चढविलेलीच आहे!)

‘अनहिंज्ड’ हा शब्द निराळा. बिजागरीतून निखळलेल्या दारावरून तो आला असून त्यात बुद्धिभ्रंशाची छटा आहे. ‘हायली स्ट्रंग’मधील ‘हाय’ म्हणजेही उंच वा थोर नव्हे. तारा फार चढविलेल्या वाद्यासारखा, किंचित स्पर्शानेही झणाणून उठणारा स्वभाव असा त्याचा आशय आहे.